काटकसर कोणाच्या वाट्यातून?

द्रव्याचा अपव्यय करू नये, हे गृहस्थाश्रमी मनुष्यास निराळे सांगावयास नको. बालपणापासून आपण ते ऐकतच आलो आहोत. परंतु जे वाचले ते कोणाच्या वाट्यातून वाचले आणि पुढे ते कोणाच्या उपयोगी पडले, हे दोन प्रश्न सहसा कोणी स्वतःस विचारीत नाही. काटकसर आणि कृपणता बाहेरून सारख्याच दिसतात. दोन्ही घरी जुने वस्त्र शिवून वापरतात, दोन्ही घरी दिवा वेळेवर मालवतात. भेद इतकाच की, काटकसरी मनुष्य स्वतःच्या गरजा कमी करतो. कृपण मनुष्य दुसऱ्याच्या गरजा कमी करू पाहतो.

बाजारात भाजीवालीशी मेथीच्या जुडीसाठी पाच रुपयांची घासाघीस करणारे सद्गृहस्थ आपण नेहमी पाहतो. तेच गृहस्थ मोठ्या दुकानात छापील किंमत निमूटपणे देऊन येतात. घासाघीस तेथेच चालते, जेथे समोरचा मनुष्य दुर्बळ असतो. ते पाच रुपये त्यांच्या चैनीतून वाचलेले नसतात, ते त्या बाईच्या मुलांच्या घासातून आलेले असतात. घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईचे आजारपणाचे दिवस कापणे, पहिल्या तारखेचा पगार दहाव्या तारखेपर्यंत लांबविणे, हाही त्यातलाच प्रकार होय. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी, ज्यांच्याकडून मिळाले त्यांना त्यांचा भाग न देता एकट्यानेच भोगणाऱ्यास चोर म्हटले आहे. तो शब्द देवतांच्या संदर्भात आला आहे हे खरे. परंतु ज्यांच्या श्रमावर आपले घर चालते, त्यांच्या बाबतीत तो लावून पाहिला तर आपणांपैकी पुष्कळांस मान खाली घालावी लागेल. हे लिहिणाराही त्यातून सुटलेला नाही.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. कित्येक घरांत काटकसरीचा सारा भार गृहिणीच्या ताटावर पडतो. सर्वांचे झाल्यावर ती जेवावयास बसते; दूध मुलांना, ताजी पोळी पतीला, आणि शिळे, उरलेसुरले तिला. याला त्याग म्हणून गौरविण्याची आपल्याकडे चाल आहे. परंतु जो त्याग एकीनेच करावयाचा आणि इतरांनी त्याचा उपभोग घ्यावयाचा, त्यास घराची काटकसर कसे म्हणावे? शिळे अन्न संपवावयाचे असेल तर ते सर्वांच्या ताटांत थोडथोडे वाढावे. पुरुषांनी आठ दिवस हा नियम पाळून पाहावा. अन्न शिजविण्याचे प्रमाण आपोआप नीट बसते.

आता, कोणाचाही वाटा न घेता वाचविण्याजोगे घरात काय आहे? पुष्कळच आहे. पाणी एकदा उकळू लागले की ज्योत कितीही मोठी ठेवली तरी उघड्या भांड्यातील पाण्याची उष्णता १०० अंशांच्या वर फारशी जात नाही. अन्न लवकर शिजत नाही, वाफ मात्र अधिक उडून जाते. म्हणून आधण येताच ज्योत मंद करावी व वर झाकण ठेवावे. हरभरे, राजमा रात्री भिजत घातले की इंधन पुष्कळ कमी लागते. तांदूळ धुतलेले पाणी तुळशीला किंवा परसातील झाडांना घालावे. गळक्या नळातून दर सेकंदास एक थेंब पडत असेल आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाकाठी ४ लिटरांहून अधिक पाणी जाते. दुरुस्तीस बहुधा एक रबराचा वायसर पुरतो. जुन्या पद्धतीचा ६० वॅटचा दिवा रोज पाच तास जळाला तर महिन्यास ९ युनिट वीज लागते. ९ वॅटच्या एलईडी दिव्यास दीड युनिटही लागत नाही.

वाचले ते तसेच पेटीत पडून राहिले तर कृपणतेचे बीज तेथेच रुजते. म्हणून त्याची वाट आधीच ठरवून ठेवावी. शाळेचे वर्ष संपताच पुस्तके खालच्या वर्गातील गरजू मुलास द्यावीत. दोन वर्षे कपाटात ठेवून मग दिली तर अभ्यासक्रम बदललेला असण्याचा संभव असतो. कपडे देताना धुऊन, उसवलेले शिवून, गुंड्या लावून द्यावेत. जे आपण स्वतः हातात धरणार नाही ते दुसऱ्यास देणे म्हणजे आपला केर त्याच्या दारी टाकणे होय. गीतेच्या सतराव्या अध्यायात तिरस्काराने दिलेल्या दानास तामस म्हटले आहे, त्याचे स्मरण अशा वेळी ठेवावे. ज्यांच्यापाशी द्रव्य नाही त्यांनी वेळ द्यावा. बँकेत किंवा रुग्णालयात एखाद्या निरक्षर मनुष्याचा अर्ज भरून देण्यास दहा मिनिटेही लागत नाहीत.

बंगालचे ईश्वरचंद्र विद्यासागर (१८२०–१८९१) यांचे उदाहरण येथे मननीय आहे. मोठ्या पदावर असूनही त्यांचा वेष जाडेभरडे धोतर, चादर आणि साध्या चपला एवढाच असे. परंतु १८६४ मध्ये कवी मायकेल मधुसूदन दत्त फ्रान्समधील व्हर्सायला कुटुंबासह विपन्नावस्थेत सापडले, तेव्हा विद्यासागरांनीच त्यांना पैसे पाठविले. कवींचा स्वभाव खर्चिक होता, हे काही गुपित नव्हते. आपल्यापैकी कोणी असता तर आधी उपदेशाचे पत्र धाडले असते!

इतके मोठे कार्य प्रत्येकाच्या हातून घडेल असे नाही. आरंभ मुठीपासून करावा. दोन्ही वेळा तांदूळ निवडताना एक मूठ वेगळ्या डब्यात टाकावी. मूठ ४० ग्रॅमची धरली तरी महिन्यास सुमारे २ किलो ४०० ग्रॅम तांदूळ साठतो. ही मूठ सर्वांच्या मापातून घ्यावी, एकट्या गृहिणीच्या वाट्यातून नव्हे. शक्यतो ती मुलांच्या हातून टाकवावी. डब्यात कडुनिंबाची वाळलेली पाने घालावीत आणि महिना संपताच तो रिकामा करावा. फार दिवस ठेवल्यास पाने असूनही तांदळास पोरकिडे लागतात.