पितर काय मागतात?

गेलेली माणसे आपल्याला जाणवतात का, हा प्रश्न देवळात पुष्कळदा निघतो. माझ्यापुरते उत्तर मला श्रीगुरुचरित्राच्या विसाव्या अध्यायात मिळाले.

शिरोळच्या एका ब्राह्मण स्त्रीची मुले होत आणि जात. पूर्वजन्मी तिने एका ब्राह्मणाचे पैसे घेऊन बुडवले होते. त्याने जीव दिला, पिशाच्च झाला आणि तिची संतती टिकू देईना. ती औदुंबराची सेवा करू लागली. स्वप्नात तो तिच्या अंगावर धावला, तेव्हा श्रीनृसिंहसरस्वती महाराजांनी त्याला अडवले. पण नुसते हाकलले नाही, आधी त्याचे गाऱ्हाणे ऐकले! मग तिला सांगितले, याचे उत्तरकार्य कर, ऐपतीप्रमाणे द्रव्य दे. त्यालाही बजावले, ही देईल त्यात समाधान मान. ऋण फिटले, त्यालाही गती मिळाली.

आता माझे सांगतो. तात्यांच्या दहाव्याला घाटावर पिंड ठेवले. कावळे झाडावर बसलेले, पण एकही खाली येईना. तास गेला. गुरुजी म्हणाले, "त्यांची काही इच्छा राहिलीय का? बोला." मला ठाऊक होते. माझी थोरली बहीण, अक्का, लवकर विधवा झाली. ओढ्याकाठचा अर्धा एकर तिला द्यायचा, असे तात्या शेवटपर्यंत म्हणत होते. मी हात जोडून म्हणालो, "तात्या, देतो." थोड्याच वेळात कावळा शिवला.

घरी आलो आणि विसरलो. विसरलो कसला, टाळले! या हंगामात नको, पुढच्या साली बघू, असे करत सहा वर्षे काढली. त्या काळात तात्या स्वप्नात यायचे. बोलायचे काही नाहीत, नुसते ओढ्याकडे तोंड करून बसायचे. कुणी म्हणाले शांत करा, कुणी मांत्रिकाचे नाव सुचवले. त्या वर्षी सप्ताहात विसावा अध्याय वाचताना माझा आवाजच फुटेना. बुडवणारा मीच होतो.

पौर्णिमा झाली आणि अक्काला घेऊन तालुक्याला गेलो, बक्षीसपत्र केले. सही करताना ती रडली. म्हणाली, "जमिनीचं नाही रे, तुला आठवण राहिली याचं." तेव्हापासून तात्या स्वप्नात आले नाहीत.

तो आत्मा होता की माझे मन, हे मी ठरवत बसत नाही. कावळा तसाही उतरला असता, असेही कुणी म्हणेल. म्हणू दे. पण पितृपक्षात पान वाढताना एवढे जरूर पाहावे, की गेलेल्याला दिलेला कोणता शब्द आपल्याकडे पडून आहे. श्राद्ध करावेच, पण ज्याचे त्याला देऊन करावे. आणि अक्का हयात असताना हे हातून झाले, ही महाराजांचीच कृपा.

।। श्री गुरुदेव दत्त ।।