गालाला लेझर लावून कॅन्सर कळतो का?

प्रश्न : माझा मोठा भाऊ पंधरा-सोळा वर्षांपासून खर्रा खातो. वर्षभरात त्याला तिखट सोसेनासं झालंय, तोंडात जेमतेम दोन बोटं जातात. दंतवैद्यांनी गालाच्या आतला तुकडा काढून तपासायला सांगितलंय. घरचे म्हणतात, तुकडा काढला की कॅन्सर भडकतो. न कापता, लेझरचा प्रकाश टाकून तपासणी होते असं ऐकलं. मग तुकडा कशाला काढायचा?
— एक वाचक, लाखनी, जि. भंडारा

उत्तर : तुकडा काढल्याने तोंडाचा कॅन्सर भडकतो, या समजुतीला आधार नाही. भीतीपोटी महिनोन्महिने थांबल्याने मात्र तो नक्की वाढतो. म्हणून प्रकाशाचं काहीही असो, दंतवैद्यांनी सांगितलेली तपासणी याच आठवड्यात करून घ्या.

तुम्ही ऐकलंत तेही खरं आहे. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियल सेंटरची ‘ॲक्ट्रेक’ ही संशोधन संस्था आहे. तिथे डॉ. मुरली कृष्ण यांच्या गटाने रुग्णांच्या गालाला आतून काचतंतूची सळई टेकवून, न कापता मोजमापं घेतली. वापरली ती रामन पद्धत. पेशींवर लेझर पडला की बहुतेक प्रकाश होता त्याच रंगाचा परततो. साधारण कोटीत एखादा कण मात्र तिथल्या रेणूला थोडी ऊर्जा देऊन, रंग किंचित बदलून येतो. किती बदलला, यावरून रेणू कोणता ते कळतं. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी हे १९२८ साली कोलकात्यात दाखवलं, तेव्हा लेझर नव्हता. तो १९६० साली आला. प्रकाश वाकवून नेणाऱ्या काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवण्याचं काम १९५४ साली लंडनमध्ये हॉपकिन्स आणि आपले नरिंदर सिंग कपानी यांनी प्रसिद्ध केलं. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हा गालापर्यंत पोहोचणारी सळई शक्य झाली. तिच्यात लेझर नेणारा तंतू वेगळा आणि परतीचा प्रकाश गोळा करणारे तंतू वेगळे असतात. काचेचा स्वतःचाही रामन-प्रकाश असतो. तो गाळला नाही, तर गालाचा क्षीण संदेश त्यात बुडून जातो.

निरोगी गालाच्या मोजमापात स्निग्ध पदार्थांच्या खुणा ठळक दिसतात, कॅन्सरच्या जागी प्रथिनांच्या. पण मला सर्वांत अस्वस्थ करणारा निष्कर्ष वेगळाच आहे. एका गालात कॅन्सर असलेल्या रुग्णांचा दुसरा, डोळ्यांना ठणठणीत दिसणारा गालही तंबाखू न खाणाऱ्या निरोगी माणसाच्या गालासारखा नव्हता. म्हणजे डाग एका जागी दिसला, तरी तंबाखूने तोंडभर काम केलेलं असतं.

मग तुकडा का? सळई एका वेळी टिचभरही नव्हे, एवढ्याशा ठिपक्यावरचं सांगते आणि तेही तिथल्या सगळ्या रेणूंची गोळाबेरीज करून. बिघडलेल्या पेशी वरच्या अस्तरातच आहेत की खालचा पडदा ओलांडून आत शिरल्या आहेत, यावर पुढचा सगळा उपचार ठरतो. ते सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा पाहूनच ठरवता येतं. काही दवाखान्यांत निळ्या प्रकाशाचा दिवा असतो. त्याखाली निरोगी अस्तर फिकट हिरवं चमकतं आणि बिघडलेली जागा काळपट दिसते. पण साधी सूज आली तरी जागा काळपट दिसू शकते. तुमच्या भावाच्या लक्षणांवरून वाटणाऱ्या आजारात तर ही चमकच बदललेली असते. तुकडा नेमका कुठून घ्यावा हे ठरवायला असा प्रकाश मदत करतो, तुकड्याच्या तपासणीची जागा तो घेऊ शकत नाही.

तो आजार म्हणजे अस्तराखाली तंतू साचून गाल ताठरणं. त्यामागे मुख्यतः सुपारी असते. भंडारा, गोंदिया, चंद्रपुरात पन्नीत घोटलेल्या खर्ऱ्यात सुपारी, तंबाखू, चुना तिन्ही असतात. तंबाखू काढून नुसती सुपारी खाल्ली तर चालेल, असं अनेकांना वाटतं. चालत नाही. सुपारीतला अरेकोलिन हा घटक कोलॅजेन, म्हणजे हेच तंतू, वाढवतो, तिच्यातलं तांबं त्याचे धागे घट्ट बांधतं. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारी स्वतःच कॅन्सरकारक असल्याचं जाहीर केलं. केरळमधल्या एर्नाकुलमला गाल ताठरण्याच्या या आजाराच्या ६६ रुग्णांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं गेलं, त्यांतल्या ७.६ टक्के लोकांना कॅन्सर झाला. बाकीच्यांना झाला नाही, हेही भावाला सांगा. घाबरवून खर्रा सुटत नसतो.

लेझरचा खरा उपयोग उपचारात होऊ शकतो. तुकड्यात कॅन्सर निघाला नाही आणि तोंड उघडत नसेल, तर गालातले ताठर पट्टे डायोड लेझरने कापतात. त्याचा प्रकाश काचतंतूतून सहज जातो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये शोषला जातो, म्हणून रक्तस्राव कमी होतो. कार्बन डायऑक्साइडचा लेझर मात्र साध्या काचतंतूतून जात नाही, त्याला आरशांचा हात लागतो. यंत्र कोणतंही असो, नंतर तोंड उघडण्याचा व्यायाम रोज, महिनोन्महिने करावा लागतो. दाढांमध्ये चपट्या लाकडी काड्या धरून हळूहळू त्यांची संख्या वाढवायची. व्यायाम टाळला किंवा खर्रा चालू राहिला, तर पट्टे परत येतात.

भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात दाखवा. तिथून गरज पडली तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. खर्रा सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. तपासणीला जाताना खर्रा कोणत्या गालात धरून ठेवायची सवय आहे, हे भावाने डॉक्टरांना आपणहून सांगावं. तुकड्याची जागा निवडताना त्यांना त्याचा उपयोग होईल.