गुरुवारची संध्याकाळ : एका मोठ्या कुटुंबाची दिनचर्या

तुमच्या घरात मुले किती? एक, फार तर दोन. तरीही रात्री दिवा मालवताना मनात येतेच की आज मुलाशी नीट बोलणे झालेच नाही. डबा झाला, शाळेची बस झाली, गृहपाठ झाला, त्यावरून थोडी चिडचिडही झाली. बोलणे तेवढे राहिले. मग आपण स्वतःची समजूत घालतो, ‘काय करणार, वेळच मिळत नाही.’

आज आपण ज्या घरात डोकावणार आहोत, तिथे एका वेळी आठ-नऊ मुले होती. शाळा घरातच भरे आणि शिकवणारी होती त्या मुलांची आई. घरात पैसा कधी पुरला नाही, आणि आगीने ते घर दोनदा होरपळले. तरी त्या आईने प्रत्येक मुलासाठी आठवड्यातली एक संध्याकाळ राखून ठेवली होती. तिला हे कसे साधले, ते पाहू.

सुझॅना वेस्ली तिचे नाव. जन्म १६६९ सालचा, लंडनचा. वडील धर्मोपदेशक, घर माणसांनी भरलेले. ती त्यांचे पंचविसावे अपत्य होती असे सांगतात. लग्न झाले सॅम्युएल वेस्ली या पाद्रींशी, आणि संसार झाला इंग्लंडच्या पूर्वेकडील लिंकनशायर परगण्यात एपवर्थ या गावी. सखल, दलदलीचा मुलूख. तिला एकोणीस मुले झाली. त्यांतली दहा जगली : सात मुली, तीन मुलगे. जॉन आणि चार्ल्स या दोन मुलांनी पुढे मेथडिस्ट चळवळ उभी केली, आणि त्या नावाची चर्चेस आज भारतातल्याही अनेक शहरांत दिसतात. घरीच शाळा चालवणारी अनेक ख्रिस्ती कुटुंबे आजही सुझॅनाचे नाव आदराने घेतात. आपल्याला मात्र तिचे थोर मुलगे बाजूला ठेवून तिचे घड्याळ पाहायचे आहे.

झोप, जेवण आणि कडू औषध

१७३२ साली जॉनने आईला विचारले की तू आम्हाला कसे वाढवलेस, ते लिहून पाठव. तिने जे लांबलचक पत्र लिहिले ते आजही वाचायला मिळते. गंमत अशी की एवढ्या धर्मनिष्ठ बाईने सुरुवात धर्मशिकवणीने केलेली नाही. पहिल्यांदा आहे तान्ह्या बाळाची झोप. ठरलेल्या वेळी बाळ पाळण्यात, सुरुवातीला सकाळी तीन तास आणि दुपारी तीन तास. मग हळूहळू ते दोन-दोन तासांवर, आणि शेवटी दिवसाची झोप बंद.

पुढे जेवण. दिवसातून तीनदा आणि तीनदाच. मोठ्यांच्या टेबलाजवळ छोट्यांसाठी वेगळे बुटके टेबल-खुर्च्या मांडलेल्या असत. जे वाढले आहे ते पोटभर खायचे. काही हवे असेल तर वाढणाऱ्या बाईच्या कानात सांगायचे, ओरडून मागायचे नाही. (पिण्यासाठी मुलांनाही सौम्य बिअर असे, त्या काळच्या इंग्लंडमध्ये त्यात कोणाला वावगे वाटत नव्हते.) सुरी-काटा नीट धरता येऊ लागला की मोठ्यांच्या पंगतीत बढती. दोन जेवणांच्या मध्ये खाणे नाही, आजारपणाचा अपवाद सोडून. स्वयंपाकघरात जाऊन नोकरांकडे लाडीगोडी लावून खाऊ मिळवणेही नाही.

संध्याकाळची प्रार्थना झाली की सहाला रात्रीचे जेवण. सातला सर्वांत धाकट्यापासून हातपाय धुणे, कपडे बदलणे. आठला सगळी अंथरुणात. मूल जागे असतानाच त्याला खोलीत ठेवून येत. झोप लागेपर्यंत उशाशी कोणी बसत नसे.

आपल्याला हे वाचून थोडे कडक वाटेल. आपल्याकडे अंगाई आहे, आजीची गोष्ट आहे, थोपटणे आहे; ते सोडावे असे माझे म्हणणे नाही. पण तिने एक निरीक्षण नोंदवले आहे, त्याकडे लक्ष द्या. समोर आलेले खाण्याची सवय असल्यामुळे आजारपणात मुलांना कितीही कडू औषध देणे जड गेले नाही. काहींना ते उलटून पडे, पण घ्यायला नकार नसे. १७१२ साली घरात पाच मुलांना देवी आल्या, त्यांत आठ वर्षांचा जॉनही होता. लस निघायला अजून ऐंशीहून अधिक वर्षे होती. अशा वेळी आजारी मूल आईचे ऐकते की हातपाय झाडते, यावर तिची अर्धी रात्र अवलंबून असते, हे ज्यांनी रात्र जागवली आहे त्यांना सांगायला नको. ती पाचही मुले वाचली.

म्हणून दिनचर्या पाळली की घरात दुःख येत नाही, असे समजू नका. या आईने नऊ मुले गमावली होती. जुळी गेली. एक तान्हे बाळ रात्री झोपेत दाईच्या अंगाखाली गुदमरले. मॉली नावाची मुलगी लहानपणीच्या दुखापतीने जन्माची अधू झाली. १७०५ मध्ये नवरा कर्जापायी तुरुंगात गेला. हे सगळे झाले, आणि सहाचे जेवण सहालाच वाढले जात होते.

शरीराची काळजी घेण्याचा हा वळसा जॉनने पुढेही सोडला नाही. १७४७ मध्ये त्याने गरिबांना परवडतील अशा घरगुती उपायांचे एक पुस्तक छापले. त्यातले काही उपाय आज हसू आणतील. पण चालणे, साधे आणि बेताचे जेवण, लवकर निजून लवकर उठणे, ही त्याची शिफारस आपल्याला परकी वाटणार नाही. तो स्वतः सत्त्याऐंशी वर्षे जगला.

घरातली शाळा

पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत अक्षरओळख नाही, हा तिचा नियम. धाकट्या केझीच्या बाबतीत तो मोडला, आणि तिला वाचायला शिकायला इतरांपेक्षा कितीतरी अधिक काळ लागला अशी आईची तक्रार आहे. तिसऱ्या वर्षी मुलाच्या हातात पाटी देणाऱ्या आपल्यासारख्यांनी यावर जरा थांबून विचार करावा.

मूल पाच वर्षांचे झाले की अभ्यासाच्या आदल्या दिवशी घर आवरले जाई, प्रत्येकाला कामे वाटून दिली जात, आणि ताकीद असे की सकाळी नऊ ते बारा आणि दुपारी दोन ते पाच कोणीही त्या खोलीत यायचे नाही. अक्षरे शिकायला एक दिवस. बहुतेकांना तो पुरला. मॉली आणि नॅन्सी यांना दीड दिवस लागला, आणि त्यामुळे त्या मंद आहेत असे आपल्याला तेव्हा वाटले, हेही आईने मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. अक्षरे आली की दुसऱ्या दिवसापासून थेट बायबलमधला पहिला अध्याय, एकेक शब्द लावत.

पाच वाजता शाळा सुटली की थोरल्याने सर्वांत धाकट्या बोलत्या भावंडाला घेऊन बसायचे, त्याच्या पाठच्याने पुढच्याला, आणि त्या दिवसाचे स्तोत्र वाचायचे. एकट्या आईने आठांना शिकवायचे म्हटले तर हाच मार्ग. आपल्या एकत्र कुटुंबांत ताई धाकट्याचे पाढे घेई, ते याहून वेगळे नव्हते.

मुलींविषयीचा तिचा नियम तर त्या काळाच्या पुढे होता. मुलीला नीट वाचता आल्याशिवाय शिवणकाम शिकवायचे नाही. हेटी नावाची तिची मुलगी आठव्या वर्षी ग्रीक वाचत होती असे सांगतात.

जे घ्यायचे नाही

एवढे कौतुक केल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी. सुझॅनाचे ठाम मत होते की मुलाची मर्जी लहानपणीच मोडली पाहिजे. वर्षाचे मूलसुद्धा छडीला भ्यायला आणि हळू रडायला शिकत असे. तो काळ तसा होता, हे खरे; पण म्हणून ते योग्य ठरत नाही. भीतीने गप्प बसलेले मूल शांत झालेले असतेच असे नाही. बुद्धिमान हेटी तरुणपणी एका माणसाबरोबर घर सोडून गेली. परतली तेव्हा वडिलांचे मन तिच्याविषयी कठोरच राहिले, तिचे लग्न घाईने आणि विजोड लागले, आणि आईनेही तिला लगेच जवळ घेतले नाही. तिच्या कवितांत ते दुःख उतरले आहे. मर्जी मोडण्याच्या शिकवणीची किंमत या घरानेही मोजली, असे मला वाटते.

त्याच पत्रात काही नियम असेही आहेत, ज्यांनी छडीचा धाक बराच कमी केला. चूक कबूल केली की मार नाही. एकाच चुकीसाठी दोनदा शिक्षा नाही, आणि ती पुन्हा उकरून काढायची नाही. मुलाने चांगल्या हेतूने काही केले आणि ते बिघडले, तरी त्याचा हेतू गोड मानून घ्यायचा. एकाची वस्तू, मग ती टाचणी का असेना, दुसऱ्याने घ्यायची नाही. दिलेला शब्द पाळायचा. यांतला दुसरा नियम मोठ्यांसाठी सर्वांत अवघड आहे. ‘मागच्या वेळीही तू असेच केले होतेस’ हे वाक्य तुम्ही या आठवड्यात किती वेळा उच्चारले, ते मोजून पाहा.

तरंगंबाडीहून आलेली प्रेरणा

९ फेब्रुवारी १७०९ च्या रात्री घर पूर्ण जळाले. पाच वर्षांच्या जॉनला खिडकीतून बाहेर काढले. घर पुन्हा उभे राहीपर्यंत मुले वेगवेगळ्या घरी विखुरली गेली, आणि परत आली तेव्हा सगळी घडी विस्कटलेली होती : बोलणे रांगडे, वागणे बेशिस्त. वर्षांची मेहनत वाया गेली म्हणून ही बाई रडत बसली नाही. तिने घडी पुन्हा बसवायला घेतली. हे जमतेय न जमतेय, तोच तिच्या हाती एक पुस्तक आले.

१७११-१२ चा हिवाळा. नवरा कामासाठी लंडनला. मोठ्या मुलीने वडिलांच्या अभ्यासिकेतून एक पुस्तक काढून आईला वाचून दाखवले. त्यात दोन धर्मप्रचारकांची हकिकत होती. डेन्मार्कच्या राजाने त्यांना हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर ट्रांकेबारला धाडले होते. हे ट्रांकेबार म्हणजे आजच्या तमिळनाडूतील तरंगंबाडी. त्या काळी त्या भागात, तंजावरच्या गादीवर व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे होते. आपल्या मराठी राज्याच्या दाराशी घडलेली हकिकत एका इंग्रज खेड्यातल्या आईने वाचली, आणि कित्येक दिवस तिच्या मनात दुसरे काही आले नाही.

आपण दूरदेशी जाऊ शकत नाही, हे तिला कळत होते. मग आपल्या हाताशी कोण आहे? ही मुले. तिने लगेच वार ठरवले आणि नवऱ्याला पत्रातून कळवले. सोमवार मॉलीचा, मंगळवार हेटीचा, बुधवार नॅन्सीचा, गुरुवार जॉनचा, शुक्रवार पॅटीचा, शनिवार चार वर्षांच्या चार्ल्सचा, आणि रविवार मोठ्या एमिली आणि सुकी यांचा. त्या संध्याकाळी ते मूल आणि आई, दोघेच. मनात काय चालले आहे, कशाची भीती वाटते, देवाविषयी काय प्रश्न पडतात, यावर बोलणे.

आता मागचे घड्याळ पुन्हा आठवा. जेवण, झोप, अभ्यास यांच्या वेळा ठरलेल्या, धाकट्यांना सांभाळायला थोरली. म्हणूनच आईला एका मुलाबरोबर निवांत बसता येत होते. घरात रोज नव्याने भांडावे लागले असते, तर हा वेळ त्या भांडणातच गेला असता.

तुमच्या घरी

भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुलाचे नाव एका वाराखाली लिहा. मुलाच्या देखतच लिहा. दोन मुले असतील तर दोन वार, आणि घरात सासू-सासरे असतील तर त्यांनाही एक वार द्यायला हरकत नाही. वीस मिनिटे पुरतात. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. गुण, परीक्षा, शेजारच्याचा मुलगा हे विषय त्या वेळेपुरते वर्ज्य. पहिले काही आठवडे मूल बहुधा फारसे बोलणार नाही, कारण हे किती दिवस टिकते ते त्याला पाहायचे असते. तुम्ही नुसते बसा. शेंगा सोला, पत्ते खेळा. पाहुणे आले, वार चुकला, तर दुसऱ्या दिवशी भरून द्या. तो दिलेला शब्द आहे.

मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी दूर गेली असतील तर? इंदूरचे घर आणि बंगळूरचा मुलगा, असे आज कितीतरी जण आहेत. तेव्हाही वार ठरवता येतो. १७३२ साली ऑक्सफर्डमध्ये शिकवत असलेल्या जॉनने आईला पत्र लिहून विचारले होते की तू पूर्वी गुरुवारच्या संध्याकाळी मला जो थोडा वेळ द्यायचीस, तो आता दुसऱ्या रीतीने, माझ्यासाठी प्रार्थना करण्यात देशील का? जॉन तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता.