संगणकांच्या वाड्याची देवडी

जुन्या वाड्याला खोल्या पुष्कळ असत, पण रस्त्यावर उघडणारा मुख्य दरवाजा एकच. त्याच्या लगतच्या देवडीत पहारेकरी बसत आणि येणारा-जाणारा त्यांच्या नजरेखालून जाई. कार्यालयातील संगणकांचे जाळे सुरक्षित ठेवायचे, तर त्याची रचनाही काहीशी अशीच करावी लागते.

समजा, एका कार्यालयात १२ संगणक आहेत. प्रत्येकापासून निघालेली तार ‘स्विच’ नावाच्या पेटीत येते. स्विच एका संगणकाचा संदेश नेमक्या दुसऱ्या संगणकाकडे पोचवतो. आपापसांत फायली पाठवणे किंवा सर्वांनी मिळून एकच प्रिंटर वापरणे एवढ्यावर भागते. त्याला इंटरनेट लागत नाही. बाहेरच्या जगाशी जोडणारी पेटी वेगळी. ती म्हणजे ‘राउटर’. हाच आपला मुख्य दरवाजा.

आतील संगणकांना १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते देतात. १९९६ च्या नियमावलीनुसार असे काही पत्ते खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत. ‘तिसरी खोली’ प्रत्येक वाड्यात असते. पण पाकिटावर तेवढेच लिहिले, तर पोस्टमन पत्र कोठे नेणार? म्हणून बाहेर जाणाऱ्या संदेशावर राउटर स्वतःचा पत्ता घालतो, तो कोणी पाठवला याची नोंद ठेवतो आणि उत्तर आले की त्या खोलीत पोचवतो.

आता पहारेकऱ्याकडे वळू. त्याचे नाव ‘फायरवॉल’. त्याला दोन प्रकारे हुकूम देता येईल. चोरांची यादी देऊन बाकीच्यांना सोडायला सांगावे, किंवा ज्यांना सोडायचे त्यांची यादी देऊन बाकीच्यांना अडवायला सांगावे. यांतला सुरक्षित हुकूम कोणता? नवा चोर पहिल्या यादीत असणारच नाही! म्हणून दुसरा हुकूम चांगला. यादी सोपी व्हावी म्हणून कामांना क्रमांक असतात. सुरक्षित संकेतस्थळांसाठी ४४३, संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधण्यासाठी ५३, तर विंडोज संगणकांतील सामाईक फायलींसाठी ४४५. शेवटचे काम घरातले आहे. त्यासाठी मुख्य दरवाजा उघडण्याचे कारणच नाही.

तो उघडा राहिला तर काय होते? १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाची घातक आज्ञावली जगभर पसरली. विंडोजमधील एका दोषाचा फायदा घेऊन ती ४४५ च्या वाटेने आत शिरे, फायली कुलूपबंद करी आणि खंडणी मागे. त्या दोषाची दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच उपलब्ध झाली होती. पण अनेकांनी ती केली नव्हती. इंग्लंडमधील रुग्णालयांना हजारो रुग्णांच्या नियोजित भेटी रद्द कराव्या लागल्या. इंटरनेटकडील फायरवॉल नीट सांभाळली असती, तर दुरुस्ती न करताही लागण टळली असती, असे ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने नंतर नमूद केले.

मग बाहेरची तारच कापावी का? या घटनेतच त्याचे उत्तर आहे. ही आज्ञावली आधी एका विचित्र नावाच्या संकेतस्थळाला हाक मारी. उत्तर मिळाले तर थांबे. एका संशोधकाने ते नाव नोंदवले आणि असंख्य संगणक वाचले. मात्र ज्या संगणकांना बाहेर जायची वाटच नव्हती, त्यांना ते उत्तर मिळू शकत नव्हते. शिवाय एक संगणक बाधित झाला की रोग स्विचमार्गे शेजाऱ्यांकडे जाई. देवडीतला पहारेकरी खोल्याखोल्यांमधला वावर पाहत नाही!

तेव्हा तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. दारावर ‘यादीत असेल तोच’ हा नियम हवा. हिशेबाचे संगणक व पाहुण्यांचे संगणक यांचे विभाग वेगळे करून मध्येही पहारा हवा. आणि इंटरनेट कितीही मर्यादित केले, तरी दुरुस्त्या आत येण्याची वाट मोकळी हवी.

करून पाहा : शाळेतील संगणकांचा नकाशा कागदावर काढा. प्रत्येकापुढे ‘याला बाहेरचे काय लागते?’ याचे उत्तर लिहा आणि शिक्षकांबरोबर पहारेकऱ्याची यादी तयार करा. प्रिंटरपुढे तुम्ही काय लिहाल?