निमंत्रण पोहोचले, नोंद मात्र नाही

मंडळाच्या मासिक सभेपासून रुग्णाविषयीच्या संयुक्त चर्चेपर्यंत आपली बहुतेक निमंत्रणे आता ई-मेलने येतात. सोबतची नोंद मोबाइलच्या कॅलेंडरवर आपोआप उमटेल, असे आपण गृहीत धरतो. पुष्कळदा ती उमटत नाही. निमंत्रक म्हणतो, ‘पाठविले’. निमंत्रित म्हणतो, ‘दिसले नाही’. आणि दोघेही खरे बोलत असतात. या तक्रारीचे निदान कसे करावे, ते व्यवसायबंधूंपुढे थोडक्यात मांडतो.

प्रथम रचना पाहू. ई-मेल आणि कॅलेंडर या दोन स्वतंत्र व्यवस्था आहेत. निमंत्रणाच्या मेलमध्ये ‘आयकॅलेंडर’ या सर्वमान्य पद्धतीने लिहिलेली एक छोटी फाइल असते. तिच्या नावाच्या शेवटी ‘डॉट आयसीएस’ असते. ही पद्धत १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली व २००९ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. सभेची वेळ, निमंत्रक व निमंत्रितांचे पत्ते आणि सभेची स्वतंत्र ओळखखूण तीत असते. जीमेल, आउटलुक, ॲपल या साऱ्यांना ती वाचता येते. वाचून पुढे काय करायचे, हे मात्र प्रत्येक सेवा आपल्या रीतीने ठरविते.

याचे गांभीर्य मला एका चर्चेच्या वेळी जाणवले. गर्भावस्थेतील तपासणीत बाळाला हृदयदोष दिसला होता. प्रसूती कोठे व कशी करावी, हे ठरविण्यासाठी रात्री साडेआठला आम्ही ऑनलाइन जमलो. परगावचे हृदयरोगतज्ज्ञ आले नाहीत. दूरध्वनी केल्यावर उलगडा झाला. निमंत्रण त्यांच्या रुग्णालयीन पत्त्यावर पोहोचले होते, मोबाइलचे कॅलेंडर मात्र खासगी जीमेलशी जोडलेले होते. ते लगेच सहभागी झाले. परंतु त्यांच्या मताविना घेतलेला निर्णय अपुराच ठरला असता.

तपासणीचा क्रम असा ठेवावा :

१. मेल आला आहे का? ‘स्पॅम’ही पाहावे. गूगल कॅलेंडर निमंत्रकाला ‘पाहुण्यांना मेल पाठवायचा का?’ असे विचारते. तेथे नकार दिला, तर अन्य सेवा वापरणाऱ्याला सभेचा पत्ताच लागत नाही.

२. कोणत्या पत्त्यावर आला? एका पत्त्यावरचे निमंत्रण दुसऱ्यावर ‘फॉरवर्ड’ केल्यास आतील निमंत्रिताचा पत्ता जुनाच राहू शकतो.

३. गूगल कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये निमंत्रणे कोणाची नोंदवावीत, याचे तीन पर्याय आहेत : सर्वांची, केवळ परिचितांची, किंवा मेलला उत्तर दिल्यानंतरच. शेवटच्या पर्यायात ‘होय’ म्हणेपर्यंत नोंद दिसत नाही.

४. मोबाइलमध्ये त्या खात्याचे ‘सिंक’ चालू आहे का, आणि त्या कॅलेंडरपुढे खूण आहे का?

५. मेलसोबत ‘विनमेल डॉट डॅट’ नावाची फाइल आली असेल, तर आउटलुकने स्वतःच्या विशिष्ट स्वरूपात मजकूर पाठविला आहे, असे समजावे. इतर सेवांना तो सहसा उलगडत नाही.

६. नोंद भलत्याच वेळी तर नाही ना? भारतीय वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. टाइम झोन चुकल्यास रात्री ८.३० ची सभा दुपारी ३ वाजता दिसते.

तातडीचा उपाय म्हणजे ती फाइल संगणकावर उतरवून कॅलेंडरमध्ये ‘इम्पोर्ट’ करणे. मात्र अशी नोंद ही केवळ एक प्रत असते. पुढे सभेची वेळ बदलली, तरी ती जुनीच वेळ दाखवीत राहते.

उपचारापेक्षा प्रतिबंध बरा, हे आपण पालकांना नेहमी सांगतो. कॅलेंडर ज्या पत्त्याशी जोडलेले असेल, तोच पत्ता आधी विचारून घ्यावा. दिनांक, वेळ व दुवा मेलच्या मजकुरातही लिहावा. निमंत्रिताने उत्तराची कळ अवश्य दाबावी. निमंत्रकाने आदल्या दिवशी उत्तरांची यादी पाहावी आणि ज्यांच्या नावापुढे काहीच नाही, त्यांना दूरध्वनी करावा. एखाद्या रुग्णाचे भवितव्य ज्या बैठकीत ठरणार आहे, तिच्या बाबतीत तरी हा एक दूरध्वनी कधीही टाळू नये.