दवाखाना कोणाच्या सोयीनें?

पाठाचा हेतु : औषध एकच असलें, तरी सर्व दुखणाईत सारखे नसतात, हें समजून घेणें.

दवाखाना उघडला, डॉक्टर बसले, औषधें आलीं, म्हणजे लोकांची सोय झाली, असें आपणांस सहज वाटतें. परंतु त्या दारापर्यंत कोण पोहोंचत नाहीं, हें आपण क्वचितच विचारतों. डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांनीं १९८६ सालीं गडचिरोली जिल्ह्यांत 'सर्च' ही संस्था स्थापिली. तिचें काम ह्या बाबतींत बोधप्रद आहे.

१. स्त्रिया. संस्थेनें दोन गांवांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली व तिचे निष्कर्ष १९८९ सालीं प्रसिद्ध केले. शेंकडा ९२ स्त्रियांस कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. पूर्वीं अशी तपासणी झालेल्या शेंकडा ८ च होत्या. बाळंतपणापुरतीच स्त्रीची विचारपूस केली, म्हणजे तिचीं इतर दुखणीं झांकलेलींच राहतात.

२. नवजात अर्भकें. बाळंतीण व बाळ ह्यांस घराबाहेर काढूं नये, अशी रीत. त्यांत दवाखाना दूर. मग उपचारच घरीं नेला. ३९ गांवांत थोडें शिकलेल्या स्त्रियांस 'आरोग्यदूत' म्हणून तयार केलें. बाळाचें वजन करणें, त्यास ऊब देणें, गुदमरलेल्या बाळाचा श्वास सुरू करणें, जंतुदोष ओळखून इंजेक्शन देणें, हें त्या शिकल्या. १९९३-९५ मध्यें तेथें हजार जन्मांमागें ६२ बाळें पहिल्या महिन्यांतच दगावत. १९९७-९८ मध्यें तो आंकडा सुमारें २५ वर आला. ज्या ४७ गांवांत ही सेवा नव्हती, तेथें तो ६० च्या आसपासच राहिला. पुढें २०११ सालीं आशाताईंनीं नवजात बाळाच्या घरीं भेटी देण्याची पद्धत देशभर आली : जन्म दवाखान्यांत झाल्यास सहा, घरीं झाल्यास सात.

३. आदिवासी रोगी. मोठ्या इमारतीची त्यांना धास्ती वाटे. नातलगांस जवळ राहूं देत नाहींत, हें त्यांचें दुःख होतें. त्यांचें म्हणणें ऐकून शोधग्राम येथें झोंपड्यांच्या वस्तीसारखा दवाखाना बांधला व त्यास त्यांच्या दंतेश्वरी देवीचें नांव दिलें. रोग्याचे आप्त तेथें सोबत राहतात.

बोध. ह्या तिन्ही ठिकाणीं आधीं दुखणाइतास विचारलें, किंवा त्याचें घर पाहिलें, आणि मग सेवा ठरविली. सर्वांस एकच माप लावणें म्हणजे समता नव्हे. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईस सकाळचा दवाखाना म्हणजे एका दिवसाची मजुरी. अंधुक दिसणाऱ्या म्हाताऱ्यास गोळीच्या पाकिटावरील बारीक अक्षरें निरुपयोगी. जो येत नाहीं त्यास आळशी म्हणण्यापूर्वीं, तो कां येत नाहीं हें त्याच्या ओट्यावर बसून ऐकावें.

विचारासाठीं प्रश्न :
१. आपल्या गांवांत दवाखान्यास कधींच न जाणारे कोण आहेत? कां?
२. बाळंतीण, वृद्ध व मजूर ह्यांच्या गरजा कोठें निराळ्या आहेत?
३. ह्या आठवड्यांत त्यांपैकीं एकाची कोणती अडचण आपण दूर करूं शकूं?