मोबाईलवर अभ्यास, पण कुणासोबत?



‘शाळेनं ग्रुप केला, गूगल क्लासरूम आलं, पोरगं सारखं मोबाईलवर. यातून फायदा काय?’ पालकसभेत हा प्रश्न हमखास येतो. तो रास्तच आहे. उत्तरासाठी आपल्या सोलापूर जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही.

माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी २०२० च्या ‘ग्लोबल टीचर प्राइझ’चे मानकरी ठरले. पाठ्यपुस्तकातले त्यांचे क्यूआर कोड सर्वांना ठाऊक आहेत. मला त्यांचं दुसरं काम अधिक मोलाचं वाटतं. भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाईन अशा वैर असलेल्या भागांतल्या मुलांना त्यांनी ऑनलाइन एकमेकांशी बोलतं केलं. कोड स्कॅन करून मूल धडा ऐकतं; दुसऱ्या मुलाशी बोलताना त्याला समोरच्याचं ऐकून घ्यावं लागतं, आपलं म्हणणं नीट मांडावं लागतं. एकत्र शिकण्याचा खरा लाभ हाच.

तो आपल्या घरीही पारखता येतो. समजा, चौघांना सोलापुरी चादरीवर प्रकल्प दिलाय. सोलापूरच्या पूर्व भागातला एकजण मागावर हयात घालवलेल्या आजोबांना तेलुगूत विचारतो आणि गूगल डॉक्समध्ये मराठीत लिहितो. दुसरी त्याखाली शंका काढते, ‘ताणा म्हणजे उभे धागे की आडवे?’ तो पुन्हा आजोबांकडे जातो. डॉक्सच्या ‘व्हर्जन हिस्टरी’त कुणी काय लिहिलं, काय बदललं, सगळं दिसतं. एकानंच सारं उतरवलं असेल, तर तेही लपत नाही. याउलट, ज्या ग्रुपवर नुसता गृहपाठ येतो आणि मुलं ‘ओके सर’ म्हणतात, तो सूचनाफलक झाला. त्याला सहकार्य म्हणता येणार नाही.

आणखी एक. अनेक घरांत फोन एकच असतो आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो. डॉक्समध्ये सगळ्यांनी एकाच वेळी बसावं लागत नाही, म्हणून शाळेनं अशा कामाला दोन-तीन दिवसांची मुदत द्यावी. हे पालकसभेत संकोच न करता मागा.

मुलाला ‘अभ्यास झाला का?’ एवढंच विचारू नका. ‘यात तू काय लिहिलंस? मैत्रिणीचं वाचून तुझं काय बदललं?’ असं विचारा. त्याला सांगता आलं, तर मोबाईलवरचा वेळ सत्कारणी लागला. नाही आलं, तर त्याच्यावर रागावू नका. शिक्षकांना भेटा आणि कामाची पद्धत बदलायला सांगा.